ढीग, वखर आणि उडून जाणारा नत्र

बालाघाटच्या डोंगररांगेवर आणि तिच्या दोन्ही उतारांवर पसरलेला धाराशिव जिल्हा २०२३ पर्यंत उस्मानाबाद या नावाने ओळखला जाई. इथली बहुतेक जमीन काळी आहे. नद्यांच्या काठी ती पुरुषभर खोल, तर माळावर वीतभरच. पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. रब्बीची ज्वारी निघाली, की चैत्र-वैशाखात उकंडे उपसले जातात. बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खत शेतात जाते आणि तिथे त्याचे छोटे छोटे ढीग घातले जातात. हे ढीग कधी आठ दिवस, कधी महिनाभर उन्हात तसेच राहतात. रोहिणीच्या सरी दिसू लागल्या म्हणजे खत पांगवायचे आणि मग वखराची पाळी द्यायची, असा हा क्रम आहे.

या क्रमात एक प्रश्न दडलेला आहे. उकंड्यातून निघालेले सगळे खत पिकाला मिळते का? वजन पाहिले तर ढीग जागच्या जागी असतो. पण त्यातील पिकाच्या सर्वांत कामाचा घटक, म्हणजे नत्र, वायुरूपाने हवेत निघून जाऊ शकतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. किती नत्र जाईल हे खत कोणत्या गोठ्यातले आहे यापेक्षा ते जमिनीवर कसे टाकले आणि मातीआड व्हायला किती वेळ लागला यावर पुष्कळ अवलंबून असते. माणसाला हे कळायला दीडशे वर्षे लागली. त्या शोधाची वाट पॅरिस, इंदूर, सोलापूर आणि हॉलंड अशा गावांतून जाते. ती आपण थोडक्यात पाहू आणि शेवटी धाराशिवच्या शेतात हिशेब मांडू.

नाकाला झोंबणारा वास

सकाळी बंद गोठ्याचे दार उघडले, की नाकाला झोंबणारा एक वास येतो. तो अमोनियाचा. जनावर जो नत्र शरीराबाहेर टाकते त्यातला जवळपास निम्मा मूत्रातून जातो आणि मूत्रात तो मुख्यतः युरियाच्या रूपात असतो. शेणात आणि मातीत असंख्य जीवाणू असतात. त्यांच्याजवळ युरिएज नावाचे विकर असते. ते युरियाचे पाण्याच्या साहाय्याने विघटन करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. १९२६ साली जेम्स समनर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने हेच विकर एका शेंगेच्या बियांमधून स्फटिकरूपात मिळवले. स्फटिकरूपात मिळालेले ते पहिले विकर. या कामासाठी समनरला १९४६ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप विद्युतभारित अमोनियमचे. ते पाण्यात किंवा मातीच्या कणांवर टिकून राहते. दुसरे रूप अमोनिया वायूचे, जे उडून जाते. या दोहोंचे प्रमाण सामूवर आणि तापमानावर ठरते. सामू ७ आणि तापमान २५ अंश सेल्सिअस असेल, तर हजार कणांपैकी जेमतेम पाच-सहा कण वायुरूपात असतात. सामू ८ झाला, की तेच प्रमाण शंभरात पाचावर जाते. सामू ८ च ठेवून तापमान ४० अंशांवर नेले, तर ते शंभरात तेरा होते.

आता मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचा विचार करू. तिच्यात चुनखडी असते आणि सामू साधारण ८ च्या आसपास किंवा त्याहूनही वर असतो. वैशाखात तिचा पृष्ठभाग चांगलाच तापलेला असतो. म्हणजे अमोनिया उडून जायला सोयीच्या दोन्ही अटी इथे आयत्याच पुऱ्या होतात. पण याच मातीचा दुसरा गुणही ध्यानात घ्यायला हवा. तिच्यातील चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि धन भाराचे अमोनियम ते धरून ठेवतात. काळी माती या कामात फार तरबेज आहे. तेव्हा एकच माती, वर पडलेल्या ओल्या खतातला नत्र घालवते आणि पोटात घेतलेला नत्र राखते. या लेखातील पुढची सगळी हकीकत या एका वाक्यावर उभी आहे.

व्होल्करचा अहवाल आणि इंदूरचा खड्डा

१८८९ साली ब्रिटिश सरकारने जॉन ऑगस्टस व्होल्कर या कृषिरसायनज्ञाला हिंदुस्थानात पाठवले. देशभर हिंडून त्याने लिहिलेला अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. इथला शेतकरी अडाणी आहे हा त्या काळचा साहेबी समज व्होल्करने खोडून काढला. त्याचबरोबर दोन गोष्टींवर त्याने बोट ठेवले. जळणाला लाकूड नसल्यामुळे शेणाच्या गवऱ्या होऊन चुलीत जातात आणि जनावरांचे मूत्र जवळजवळ सगळेच वाया जाते. गवरी जळली की तिच्यातील नत्र धुराबरोबर जातो. मूत्र गोठ्याच्या जमिनीत किंवा गटारात जिरते आणि त्यातील अमोनिया हवेत जातो. चुलीतून असो वा गोठ्यातून, नत्राची वाट शेवटी आकाशाकडेच.

व्होल्करने दाखवलेल्या दुसऱ्या गळतीवर उपाय शोधण्याचे काम होळकरांच्या इंदुरात झाले. १९०५ पासून हिंदुस्थानात काम करणारे अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत होते. यशवंत वाड हे त्यांचे रसायनज्ञ सहकारी. शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत कसे करावे यावर या दोघांच्या नावाने १९३१ साली एक पुस्तक निघाले आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. हॉवर्ड यांचे नाव आज सेंद्रिय शेतीच्या इतिहासात आदराने घेतले जाते. वाड यांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

इंदूर पद्धतीत पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर देऊन ते ठरावीक दिवसांनी उलटायचे असतात. वायूंच्या दृष्टीने तिच्यातील मर्माची गोष्ट वेगळीच आहे. गोठ्यात जनावरांच्या पायाखाली माती पसरायची, मूत्र तिच्यात मुरू द्यायचे आणि ती मूत्रमाती काढून खताच्या थरांत वापरायची. मातीचे कण अमोनियम धरून ठेवतात आणि पालापाचोळ्यातला कार्बन खाऊन वाढणारे जीवाणू उरलेला नत्र आपल्या शरीरात बांधतात. सुरुवातीला कार्बनचे प्रमाण नत्राच्या सुमारे ३३ पट असावे आणि खत तयार होताना ते दहापटीवर यावे, असा हिशेब त्यांनी मांडला होता. कार्बनचा पुरवठा कमी पडला, की जास्तीचा नत्र अमोनिया होऊन उडून जातो.

हाच धागा पुढे आपल्या महाराष्ट्रात यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी उचलला. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून ओळखले जाणारे टाके म्हणजे दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच आणि भिंतीत भोके ठेवलेले विटांचे बांधकाम. त्यात शेण लागते अवघे शंभर किलोच्या आसपास, पण माती लागते दीड टनाहून अधिक. टाके भरले की ते शेणमातीने लिंपून बंद करायचे. इतकी माती कशाला, असे पाहणाऱ्याला वाटते. अमोनियाला धरून ठेवणारी ती राखणदार आहे, हे एकदा कळले की टाक्याची रचना पटते.

सोलापूर आणि रायचूर

खत तयार करताना होणारी गळती झाली, पण शेतात टाकतानाची गळती उरतेच. इथे धाराशिवच्या शेजारचा इतिहास कामी येतो. १९३३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत देशात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची पाच केंद्रे सुरू झाली: रोहतक, सोलापूर, विजापूर, हगरी आणि रायचूर. धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि रायचूरही. सोलापूर मात्र मुंबई इलाख्यात. म्हणजे राज्याची सीमा मधून गेली असली, तरी पश्चिमेला सोलापूर आणि दक्षिणेला रायचूर अशा दोन्ही अंगांनी धाराशिवसारख्याच काळ्या मातीचा अभ्यास चालू होता.

सोलापूरच्या कामाशी ना. वि. कानिटकर यांचे नाव जोडलेले आहे. तिथून ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ पुढे आली. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, पेरणीपूर्वी वखराच्या वारंवार पाळ्या, बियाणे कमी आणि ओळींत अंतर जास्त, अशी तिची सूत्रे होती. हे सगळे पाण्यासाठी होते. जमिनीत मुरलेला पावसाचा थेंब ज्वारीच्या दाण्यापर्यंत कसा पोहोचवायचा, एवढाच ध्यास त्यामागे होता. वायूंची मोजदाद कोणाच्या डोक्यात नव्हती. पण वखर जेव्हा खत मातीखाली ढकलतो, तेव्हा तो अमोनियाच्या वाटेवर दोन-चार इंच मातीची चाळण उभी करतो. पाण्यासाठी सांगितलेला उपाय नत्रालाही लागू पडत होता.

याहूनही जुनी एक पद्धत आपल्या भागात आहे, ती म्हणजे शेतात मेंढरे बसवणे. धनगरांचा कळप रात्रभर शेतात बसतो. त्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. इथे लेंडी आणि मूत्र दोन्ही थेट शेतात पडतात. उकंड्यावरची गळती पूर्णपणे टळते आणि व्होल्करला ज्याची खंत होती ते मूत्रही वाया जात नाही. पण ताज्या मूत्रातील युरियाचा अमोनिया व्हायला तास-दोन दिवस पुरतात. म्हणून कळप उठल्यावर लगेच वखर फिरला तर बसवण्याचे पैसे वसूल होतात आणि पंधरा दिवस ऊन खाऊ दिले तर त्यातला बराच भाग वाऱ्यावर जातो.

गोबर गॅस आणि त्याची मळी

शेण जाळायचे की शेतात टाकायचे, हा व्होल्करच्या वेळचा पेच सोडवण्याचा एक मार्ग गोबर गॅसने दाखवला. शेणाला हवेशिवाय कुजवले, की मिथेन मिळतो, तो चुलीला पुरतो आणि नत्र मागे राहतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ सालीच मैल्याच्या टाकीतून वायू गोळा करण्यात आला होता. १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचे ‘ग्रामलक्ष्मी’ यंत्र तयार केले आणि पुढे खादी आयोगाने ते गावोगाव नेले. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि देहूत डॉ. सुहास मापुसकरांनी संडास आणि गॅस यांची सांगड घातली. १९८१ नंतर केंद्र सरकारच्या बायोगॅस प्रकल्पातून ही संयंत्रे देशभर झाली.

संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या पातळ मळीला आपल्याकडे सरळ ‘स्लरी’ म्हणतात. तिच्याबद्दल एक गैरसमज आढळतो. गॅस काढून घेतला म्हणजे खताचा कस गेला, असे पुष्कळांना वाटते. गॅसमध्ये जातो तो कार्बन आणि हायड्रोजन. नत्र मळीतच राहतो. उलट कुजण्याच्या क्रियेत त्याचा काही भाग अमोनियमच्या रूपात मोकळा होतो. पिकाला तो लवकर मिळू शकतो आणि उडूनही लवकर जाऊ शकतो. मळी आळ्यात साठवून उन्हात वाळवली, की हा मोकळा झालेला भाग मुख्यतः हवेत जातो. वाळलेली स्लरी वाहून न्यायला सोपी असते, पण त्या सोयीची किंमत नत्राने मोजावी लागते.

हॉलंडमध्ये काय झाले

पातळ शेण-मूत्र शेतात कसे टाकावे, हा प्रश्न सर्वांत आधी ऐरणीवर आला तो नेदरलँड्समध्ये, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो तिथे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या छोट्या देशात गाई आणि डुकरांची संख्या अफाट वाढली. गोठ्याखालच्या टाक्यांत जमणारी स्लरी टँकरमध्ये भरायची आणि एका पात्यावर आपटून कारंज्यासारखी शेतात उडवायची, ही तिथली रीत होती. १९८० च्या दशकात आम्ल पावसाने तिथली जंगले आणि झुडपी माळराने खराब होऊ लागली. कारखान्यांच्या धुराबरोबर स्लरीतून उडणारा अमोनियाही त्याला कारण असल्याचे दिसून आले. अमोनिया स्वतः अल्कधर्मी असतो, मग त्याने आम्लता कशी वाढेल? उत्तर असे, की तो जमिनीवर उतरल्यावर जीवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि त्या क्रियेत आम्ल तयार होते. विद्यार्थ्यांना विचारण्याजोगा हा प्रश्न आहे.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नेदरलँड्सने स्लरी उडवण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. डेन्मार्कने २००३ मध्ये तेच केले. मग नवी अवजारे आली. कारंज्यासारखी उडवण्याऐवजी जमिनीवर घासत जाणाऱ्या नळ्यांनी स्लरी ओळीत सोडली, तर अमोनियाची गळती सुमारे एकतृतीयांशाने घटते. पात्याने उथळ चीर पाडून तिच्यात सोडली, तर सुमारे ७० टक्क्यांनी. खोल चिरीत सोडून वरून माती ओढली, तर ८० ते ९० टक्क्यांनी. यंत्र नसेल तरी वेळ साधता येतो. पसरल्याबरोबर नांगरून गाडले तर घट ९० टक्क्यांपर्यंत जाते, चार तासांत गाडले तर निम्म्याच्या आसपास राहते आणि चोवीस तास लावले तर ३० टक्क्यांवर येते. म्हणजे पहिला दिवस गेला की बराचसा नत्र गेला. धाराशिवच्या शेतकऱ्याला महागडा टँकर नको, पण हे तासांचे गणित त्याच्याही उपयोगाचे आहे.

दुसरी वाट

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण नत्राला जमिनीतून निसटायची आणखी एक वाट आहे आणि तिचा शोध अगदी वेगळ्या दिशेने लागला.

१८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ यांनी वाळू भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी झिरपत ठेवले. काही दिवसांनी खाली अमोनियाऐवजी नायट्रेट येऊ लागले. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद झाले. वाफ काढून घेऊन मातीचे पाणी घातले, तेव्हा काही दिवसांनी ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे हे काम जिवंत कोणीतरी करत होते. १८८६ मध्ये गेयाँ आणि द्युपेती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी उलटी क्रिया दाखवली. हवा नसेल तर दुसरे जीवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायुरूपात सोडून देतात. पहिल्या क्रियेला आपण नायट्रीकरण म्हणतो आणि दुसरीला विनायट्रीकरण.

या दोन्ही क्रियांत थोडा नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन निसटतो. १७७२ मध्ये प्रीस्टलीने शोधलेला आणि १८०० च्या सुमारास हम्फ्री डेव्हीने हुंगून पाहिलेला हाच तो हसवणारा वायू. पुढे तो भूल देण्याच्या कामी आला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आर्थर एडेल यांना सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात त्याच्या खुणा दिसल्या आणि तो आपल्या हवेत कायमचा आहे हे कळले. १९७० मध्ये पॉल क्रुट्झेन यांनी दाखवले, की तो वर चढून स्थितांबरात पोहोचतो आणि तिथे त्यापासून तयार होणारी नत्राची ऑक्साइडे ओझोनचा नाश करतात. १९९५ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्याशिवाय हा वायू उष्णता अडवतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो नायट्रस ऑक्साइड सुमारे २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापमान वाढवतो आणि तो हवेत शंभरहून अधिक वर्षे टिकतो.

१९८९ साली फायरस्टोन आणि डेव्हिडसन या दोन शास्त्रज्ञांनी यासाठी भोके पडलेल्या नळाची उपमा वापरली. नळातून नत्र वाहतो आणि भोकांतून थोडा गळतो. किती गळेल हे दोन गोष्टींवर ठरते: नळातून किती नत्र वाहतो आणि भोके किती मोठी आहेत. भोकांचा आकार मुख्यतः जमिनीतल्या ओलाव्यावर अवलंबून असतो. मातीच्या पोकळ्या साधारण साठ टक्क्यांहून अधिक पाण्याने भरल्या, की हवा कमी पडते आणि विनायट्रीकरण जोर धरते. पाणी अगदी तुडुंब झाले, तर बहुतेक नायट्रस ऑक्साइडचे साध्या नत्रवायूत रूपांतर होते. तो निरुपद्रवी असतो, पण पिकाचे नुकसान व्हायचे ते होतेच.

युरोपात स्लरी चिरीत सोडल्यावर नेमकी हीच अडचण आली. ओली चीर, हवा कमी, जीवाणूंना भरपूर अन्न. काही प्रयोगांत अमोनिया घटला, पण नायट्रस ऑक्साइड वाढला. एक दार लावले तर दुसरे उघडले. मग शेतकऱ्याने करायचे काय?

धाराशिवचा हिशेब

आता आकडे मांडू. दोन घनमीटरच्या गोबर गॅस संयंत्राला रोज सुमारे ५० किलो ताजे शेण लागते. त्यात ०.३ टक्के नत्र धरला, तर दिवसाला १५० ग्रॅम आणि वर्षाला सुमारे ५५ किलो नत्र स्लरीतून बाहेर येतो. स्लरी जमिनीवर ओतून तशीच ठेवली आणि तिच्यातील पाचवा हिस्सा नत्र अमोनिया होऊन गेला असे समजू. हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळ शेतात टाकलेल्या खतासाठी सरासरी असाच आकडा धरते. गेलेला नत्र ११ किलो. युरियात ४६ टक्के नत्र असतो, तेव्हा हे सुमारे २४ किलो युरियाइतके झाले, म्हणजे ४५ किलोच्या गोणीतले निम्म्याहून थोडे अधिक.

आता दुसरी वाट पाहू. कोरड्या हवामानाच्या प्रदेशात जमिनीत घातलेल्या नत्रापैकी सुमारे अर्धा टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात जातो, असे याच मंडळाच्या २०१९ च्या सुधारित पद्धतीत धरले आहे. वर्षाला १००० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असलेला धाराशिव या गटात बसतो. ५५ किलोचा अर्धा टक्का म्हणजे २७५ ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे ४३० ग्रॅम नायट्रस ऑक्साइड, म्हणजे जवळपास ११८ किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीची उष्णता.

स्लरी मातीआड केली तर वाचलेल्या ११ किलो नत्रातूनही अर्धा टक्का, म्हणजे ५५ ग्रॅम नत्र, जास्तीचा नायट्रस ऑक्साइड होऊन निघेल. हे वाचून कोणी म्हणेल, मग उघड्यावरच राहू द्या. पण उडून गेलेला अमोनिया कुठे जातो? तो काही तासांत किंवा दिवसांत कुठल्यातरी माळावर, तळ्यावर किंवा शेजाऱ्याच्या शेतात उतरतो आणि तिथलेही जीवाणू तेच काम करतात. कोरड्या प्रदेशासाठी त्याही अमोनियावर अर्ध्या टक्क्याचाच दर धरलेला आहे. म्हणजे ५५ ग्रॅम दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच, की पहिल्या परीने नत्र आपल्या ज्वारीला मिळतो आणि दुसऱ्या परीने तो कोणाच्याच कामी येत नाही. शिवाय वाचलेल्या नत्राच्या बदल्यात २४ किलो युरिया कमी टाकला, तर त्या युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड आणि तो बनवताना कारखान्यात जळणारे इंधन हे दोन्ही वाचते. नाही टाकला कमी, तर मात्र नळातून वाहणारा नत्रच वाढतो आणि गळतीही वाढते. म्हणून खत मातीआड करणे हे अर्धे काम आहे. त्या हिशेबाने युरियाची मात्रा उतरवणे हे उरलेले अर्धे.

हे सरासरीचे आकडे आहेत. प्रत्येक शेतात, प्रत्येक पावसाळ्यात ते बदलतील. पण त्यांतून निघणारी दिशा स्पष्ट आहे. ताजी स्लरी किंवा मूत्र सकाळच्या उन्हात न टाकता संध्याकाळी टाकावे. सरीत सोडून लगेच माती ओढावी. मोठ्या पावसाच्या तोंडावर एकदम सगळे खत गाडू नये, म्हणजे तुंबलेल्या मातीत विनायट्रीकरणाला आयते अन्न मिळणार नाही. उकंड्यावर दर थराला माती टाकावी. आणि जुन्या वाळलेल्या शेणखताबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी: त्याचा उडणारा अमोनिया बहुतांशी उकंड्यावर असतानाच गेलेला असतो. त्यामुळे शेतात ढीग महिनाभर राहिले याची चुटपुट लावून घेण्यापेक्षा गोठ्यातल्या मूत्राकडे लक्ष देणे अधिक फायद्याचे.

वर्गात करून पाहण्यासारखे

हे सगळे विद्यार्थ्यांना दाखवता येते. धाराशिवमध्ये सोयाबीन घरोघरी असते आणि कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज भरपूर असते. रुंद तोंडाच्या दोन बरण्या घ्या. दोन्हीत सारखीच काळी माती चार-पाच इंच भरा. अर्धा पेला पाण्यात एक चमचा युरिया आणि एक चमचा कच्च्या सोयाबीनचे पीठ कालवून त्याचे दोन समान भाग करा. एक भाग पहिल्या बरणीत मातीवर ओता. दुसऱ्या बरणीत तीन इंच खोल खड्डा करून त्यात दुसरा भाग ओता आणि वरून कोरडी माती सारखी करा. हळदीच्या पाण्यात बुडवलेली कागदाची ओली पट्टी प्रत्येक बरणीच्या झाकणाखाली, मातीला आणि काचेला न लागेल अशी टांगा. झाकणे लावून दर अर्ध्या तासाने पाहा. अमोनियामुळे हळद लाल-तपकिरी होते. कोणती पट्टी आधी लाल होते आणि किती वेळाने, हे मुलांना वहीत लिहू द्या. बरणी उघडताना नाक जवळ नेऊ नये.

यानंतर एकेक अट बदलत जा. एक बरणी उन्हात आणि एक सावलीत ठेवा. काळ्या मातीऐवजी वाळू घ्या. सोयाबीनचे पीठ आधी खरपूस भाजून घ्या आणि मग काय होते ते पाहा. भाजलेल्या पिठातले विकर निकामी झालेले असते, तरी थोड्या उशिराने पट्टी लाल होऊ शकते, कारण मातीतल्या जीवाणूंचे स्वतःचे युरिएज असतेच. श्लोझिंग आणि म्युंत्झ यांनी क्लोरोफॉर्म वापरून जो युक्तिवाद केला, त्याच धर्तीचा हा युक्तिवाद आहे आणि तो मुलांना स्वतः करता येतो.

नायट्रस ऑक्साइड मात्र अशा पट्टीने दिसणार नाही. त्याला रंग नाही, उग्र वास नाही आणि तो मोजायला प्रयोगशाळेतले उपकरण लागते. म्हणूनच तो इतक्या उशिरा लक्षात आला. जे नाकाला कळते त्यावर शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या उपाय शोधले. जे कळत नाही ते त्याला आकड्यांतून सांगावे लागेल. ते सांगण्याची जागा गावातली शाळाच आहे, कारण हळदीची लाल झालेली पट्टी घेऊन घरी जाणारे मूलच वडिलांना विचारू शकते, की आपल्या गोठ्यातले मूत कुठे जाते.